लाराबाकाकूचं आलं

लागोस बंदराकडे जाणाऱ्या पुलावर बंदरात शिरायच्या रांगेत ट्रक खिळून उभे होते. सेगुन आणि बितरुस या दोघा ड्रायव्हरांचे पेले भरता भरता चहावाला तंको ऐकत होता.

"कितवा दिवस, बितरुस?"

"एकविसावा."

"आणि ट्रकमधलं आलं?"

"कोंब फुटलेत. खालची पोती सडली. जहाज तर कधीच गेलं."

"लाराबाकाकूला कळवलंस? वर्षभराचं पीक तिचं."

"माल जहाजावर चढला म्हणून सांगितलं."

"खोटं कशाला बोललास, बाबा?"

"रोज फोनवर रडायची. म्हटलं, एक रात्र तरी झोपेल."

"झोपली?"

"कसली झोपते. समुद्र शांत राहावा म्हणून चर्चमध्ये उपास धरून बसलीय. काल मलाही फोनवर प्रार्थना करायला लावली."

"मग?"

"मग काय, इथंच पुलावर डोळे मिटून आमेन म्हणालो."