पोरीच्या गाडीची स्टेपनी

पोरीच्या गाडीची स्टेपनी तेवढी लोखंडी का, असं विचारताय ना, ऐका मग. कळंबोलीच्या लोखंड बाजारात माझी हयात गेली. जड ते चांगलं, एवढं मला कळतं. सुनीता तिच्या छोट्या गाडीला अलॉयची हलकी चाकं आणि रस्ता घट्ट धरणारे टायर घ्यायला निघाली, तेव्हा मीही दुकानात गेलो. एक चाक हातात घेतलं.

"हे चाक हाय का ताट?"

"बाबा, हलकं आहे म्हणूनच महाग आहे. इंजिनला ओढायला सोपं जातं."

"मग स्टेपनी तरी लोखंडाची राहू दे."

माझ्यासाठी तिने तेवढं ऐकलं.

पुढच्याच आठवड्यात उलव्याच्या उखडलेल्या रस्त्यावर टायर फुटला. पोरीला चाकाला हात लावू दिला नाही. फुटलेलं नवं अलॉयचं चाक काढून मी एका हाताने बाजूला ठेवलं. मग डिकीतली स्टेपनी उचलायला गेलो. ती अर्धी वर आली आणि माझी कंबर धरली. सुनीता पुढे झाली, दोघांनी मिळून ती उतरवली.

गाडीत बसल्यावर तिने विचारलं, "बाबा, एका हाताने उचललंत ते कोणतं चाक होतं?"

मी म्हणालो, "जे फुटलं ते."