शेजारणीला वास नको म्हणून

व्हेंटिलेटर म्हटलं की मला नीलेशच आठवतो. आपल्याकडे व्हेंटिलेटर म्हणजे बाथरूमची वरची खिडकी. डीमन या डच गावातल्या आमच्या फ्लॅटमध्ये ती किचनच्या भिंतीतली जाळी होती.

नीलेश माझा रूममेट, पुण्याचा, भयंकर भिडस्त. शेजारच्या डच आजी एकदा सहज म्हणाल्या, "तुमच्या फोडणीचा वास माझ्या पडद्यांना लागतो." पठ्ठ्याने त्याच दिवशी जाळीत जुना टॉवेल कोंबला.

मी ओरडलो, "अरे, इथे गॅसचा गीझर आहे! हवा नको खेळायला?"

"स्वयंपाक झाला की काढतो रे. उगाच त्यांना त्रास कशाला?"

एका शनिवारी मी डेल्फ्टला गेलो होतो. त्याने आमटी केली, आंघोळ केली, टॉवेल मात्र काढायचा विसरला. संध्याकाळी परत आलो तर हा किचनमध्ये पडलेला. गीझरचा विषारी गॅस घरातच कोंडला होता. मग हॉस्पिटलातला व्हेंटिलेटर पाहिला. तोही चौथ्या दिवशी बंद केला.

आजी फुलं घेऊन आल्या. रडत म्हणाल्या, "इतका हुशार मुलगा, त्याने ती जाळी बंद का केली?"

मी म्हटलं, "त्याला थंडी फार वाजायची."