सुइटवाल्या तात्यांनी धरलेली जागा

चहा येईस्तोवर आमच्या तात्यांचं ऐका. ताईनं आई-तात्यांसाठी क्रूझवरचा सुइट, म्हणजे सगळ्यात महागडी खोली, घेतला आणि सोबतीला मला धाडलं. कराडातनं मुंबईच्या बंदरावर पोचलो, तर ही मोठी रांग! रांगेत तात्यांची मेढ्याच्या एका म्हाताऱ्या जोडप्याशी गट्टी जमली. त्यातल्या काकूंना गुडघ्यानं उभं राहवत नव्हतं.

तेवढ्यात जहाजावर काम करणारी एक मुलगी आली. "सर, तुम्ही सुइटवाले. तुम्हाला सगळ्यांच्या आधी चढता येईल."

"तू आईला घिऊन ये, मी होतो म्होरं," म्हणत तात्या पिशवीसकट पळालेच, गड्यांनो!

आम्ही वर डेकवर गेलो, तर सावलीतल्या एका खुर्चीवर तात्यांचा टॉवेल, दुसरीवर टोपी. शेजारी तात्या पहाऱ्याला उभे आणि जहाजाचा माणूस त्यांना विनवतोय, "सर, इथं जागा धरता येत नाही. तुमच्या सुइटला स्वतंत्र गॅलरी आहे, तिथं बसा ना."

मला तर तोंड कुठं लपवू असं झालं. "तात्या, ही काय एस्टी हाय व्हय?"

"आपली खोली ठरलेलीच हाय, ती कोण पळवतंय?" तात्या माझ्यावरच तापले. "मग मला आदी सोडलं ते कशाला? आदी चढणाऱ्यानं मागच्याची जागा धरायची असती रं!"

इतक्यात काकू लंगडत वर आल्या. जहाजाच्या माणसानं त्यांच्याकडं बघितलं, आणि स्वतःच टॉवेल उचलून खुर्ची सरळ केली.

समोर सगळा उघडा समुद्र. तात्या म्हणाले, "बसा वैनी, खिडकीची धरलीया."