हळदीच्या रात्रीचं पाप

भिवंडीतल्या रक्त तपासायच्या लॅबमध्ये माझ्या पाठीला पाठ लावून मायलेकी बसल्या होत्या. लेक सकाळी चक्कर येऊन पडली होती.

“भाविका, खरं सांग. काय झालं?”

“आई, मी पाप केलं. मनोजदादाच्या हळदीत.”

“अगो बाय! कोन व्हता?”

“हळू बोल ना.”

“नाव सांग, न्हायतर बापाला फोन लावते.”

“वडे.”

“कुठला वडे? आपल्यात वडे आडनाव कोनाचंच न्हाय.”

“खायचे वडे, आई! मटणासोबत. पोट भरलं तरी खातच होते.”

“देवा! जीव घेतलास माझा. त्याला पाप म्हंतात?”

“महिनाभर चांगली वागत होते मी. एका रात्रीत सगळी घाण केली.”

“ते वडे मी थापले व्हते, भाविका.”

“म्हणून तर थांबता आलं नाही.”

“मंग काल लग्नात जेवलीस का न्हाय?”

“ताट घेतलं होतं.”

“जेवलीस का, इचारते.”

“बाजूला बसलेल्या रूपाच्या ताटात वाढलं सगळं. फेडायला नको?”

“कोनाचं फेडतेस गो? मोरीत पडलीस, डोकं फुटलं असतं. ऊठ, खाली चहा-बिस्कीट खा आधी.”

“बिस्किटात मैदा असतो.”

“आता मैदा पन पाप?”

पडद्याआडून लॅबवालीने हाक मारली, “भाविका कोण? उपाशीपोटी आहात ना?”

“हो मॅडम. कालपासून काहीच नाही खाल्लं.”

“व्हेरी गुड. या आत.”

“ऐकलंस, आई?”

“भाविका… हसतेस काय गो?”