माय नावाचे फोटो

तुमसरच्या फोटोच्या दुकानात माझ्या पुढे बपेऱ्याचा एक माणूस पेनड्राइव्ह घेऊन उभा होता.

"उद्या मायची तेरवी आहे, भाऊ. फ्रेम पाहिजे. घरच्या कंप्युटरवर एकबी फोटो उघडून नाही राहिला."

"फोटोइची नावं बदलवली का?" दुकानदारानं विचारलं.

"हो. ज्याच्यात माय आहे, त्याइले 'माय' नाव देल्लं."

"मंग नावाच्या शेवटचं जेपीजी पुसलं गेलं. थांबा, लावून देतो... हे पाहा, उघडले. माय कोनती?"

"मागं. पंगतीत वाढून राहिली ते."

"इथं पाठच दिसते. अन् याच्यात?"

"चुलीपाशी."

"नुसता पदर आहे. चेहरा एकातबी नाही, भाऊ. हे फोटो काढले कोनं?"

"मीच."