आस्गरच्या दारावरचा दिवा

मालेने : मास्तर, हा दिवा कधीपासून लावलाय?

आस्गर : कुठला दिवा?

मालेने : तुमच्या डोक्यावर जळतोय तो.

आस्गर : हा होय! साधाच आहे ग. खाली तोंड करून बसवलाय, वर पत्र्याचं झाकण. स्वतः कापून केलं मी. बल्बसुद्धा पिवळा, मंद. आकाशाकडे एक किरण जायचा नाही.

मालेने : आणि अंगणात बर्फ पडलाय, त्याचं काय?

आस्गर : बर्फाचं काय?

मालेने : पांढरा आहे ना तो! खाली गेलेला उजेड सगळाच्या सगळा उलटा वर. परवा फ्रोडेनं समुद्राच्या बंधाऱ्यावरून फोटो काढला. काय सुंदर आकाशगंगा आलीय, आणि खाली कोपऱ्यात हा एवढा पिवळा डाग. फ्रोडे म्हणतो, चंद्र उगवत असेल. अमावस्येला!

आस्गर : फ्रोडे दुर्बिणीपाशी उभ्या उभ्या झोपतो.

मालेने : तो झोपतो, पण मी जागी होते ना. बर्फ उजेड परत फेकतो, हे तुम्हीच आम्हाला चौथीत शिकवलंत, मास्तर.

आस्गर : विसरलो. घरात एक माणूस विसरायला लागलं की त्याचं करता करता दुसराही विसरतो. कॉफी घेतेस? चूल गरम आहे अजून.

मालेने : कॉफी नको. आज ती मोजणीवाली बाई येतेय, लक्षात आहे ना तेवढं तरी? पुरता अंधार पडला की बंधाऱ्यावर यंत्र लावणार. आपलं आकाश अजून काळं आहे का, ते बघणार. नसलं, तर गावाच्या वेशीवरची ‘काळोखाचं गाव’ ही पाटी काढून न्यायला मोकळी.

आस्गर : ढग आले असते तर बरं झालं असतं.

मालेने : तुम्ही ढग मागताय? तुम्ही?

आस्गर : मागतोय खरं.

मालेने : पाटी गेली तर हिवाळ्यात कुत्रं फिरकणार नाही इकडे. खानावळ चालते ती तारे बघायला येणाऱ्यांवर. बेकरी चालते ती त्यांच्यावर. आजच शाळेची पोरं येतायत बसनं, वर कोपनहेगनची दोन जोडपी. आणि आपल्या आकाशदर्शन क्लबात माणसं किती उरलीत? फ्रोडे झोपतो, हेन्निंगचा गुडघा गेलाय. मीच ती ट्रॉली बंधाऱ्यावर ओढते, मीच थर्मास भरते, मीच ‘मोबाइल बंद करा, मोबाइल बंद करा’ म्हणून घसा फोडते. थकले मी, मास्तर. तेव्हा तेवढं बटण दाबा आणि मला जाऊ द्या.

बोडिल : अग, त्याला काय सांगतेस? तीन आठवडे जळतोय तो.

मालेने : कोण? बोडिलमावशी? कुंपणाआड काय करताय अंधारात?

बोडिल : काय करणार? ऐकतेय. आमच्या गावात दिवे नाहीत, टीव्हीवर नुसती भांडणं, मग शेजारचं ऐकायचं.

मालेने : तीन आठवडे माहीत होतं, आणि क्लबात कुणाला बोलला नाहीत?

बोडिल : मी कशाला बोलू? मी काय तुमच्या क्लबाची पोलीस आहे? आणि खरं सांगू का, बरं वाटतं ग. माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीत त्याचा उजेड येतो. संध्याकाळी ओट्याशी उभी असले की माणसात असल्यासारखं वाटतं.

आस्गर : तुझ्या खिडकीत येतो उजेड? मी कोन मोजून झाकण कापलं होतं.

बोडिल : मोजलास हो कोन. आयुष्यभर दुसरं केलंस काय!

मालेने : मावशी, मला त्यांच्याशी बोलू द्या. मास्तर, समुद्राच्या बाजूला एकाही घरानं बाहेर दिवा लावायचा नाही, हा नियम कुणाचा?

आस्गर : माझा.

मालेने : तुम्ही सांगितलात, मी टाइप केला. सभेत उभं राहून काय म्हणाला होता, आठवतं?

बोडिल : मला आठवतं. ‘अंधाराला भिऊ नका. अर्ध्या तासात डोळे सरावतात.’ टाळ्या पडल्या होत्या. मी नव्हत्या वाजवल्या. माझ्या हातात विणकाम होतं.

आस्गर : विणकाम नव्हतं. हाताची घडी घालून बसली होतीस. माझ्याकडे बघत होतीस.

बोडिल : बघ, हे बरं लक्षात आहे!

मालेने : मास्तर, बटण.

आस्गर : नाही दाबता येणार, मालेने. तिकडे बघ. बाकावर.

मालेने : अरे देवा. इंगेरकाकू! मला दिसल्याच नाहीत. घोंगडीच वाटली मला. काकू, बऱ्या आहात ना?

आस्गर : उत्तर नाही द्यायची. दिव्याकडे बघतेय ना, तोपर्यंत तिचं काही दुखत नाही, खुपत नाही. इंगेर, पाय वर घे ग, गार लागेल. हं. असं.

मालेने : रोज बसतात इथे? या थंडीत?

आस्गर : दिवस मावळला की उठते आणि दाराशी येते. तिचे वडील होडीवाले होते ना, पूल व्हायच्या आधी. पलीकडच्या माणसांना ने-आण करायचे. अंधार पडला की तिची आई दारावर कंदील लावायची. कंदील लागला म्हणजे बाबा निघाले, आता येतील. तेवढंच उरलंय तिच्या डोक्यात. माझं नाव गेलं, पोरांची नावं गेली, तो कंदील राहिला.

मालेने : आणि दिवा नसला तर?

आस्गर : तर बाबा का आले नाहीत म्हणून शोधायला जाते. पाण्याकडे.

बोडिल : मागच्या महिन्यात मला सापडली ती. काठच्या लव्हाळ्यात, गुडघाभर पाण्यात. पायात सपाता. तिन्हीसांजेला मी कुत्र्याला हाका मारत होते म्हणून, नाहीतर कुणाला पत्ता लागला असता?

मालेने : हे तुम्ही मला का नाही सांगितलंत?

आस्गर : काय सांगायचं? की सगळ्या गावाचे दिवे मी उतरवले, आणि आता माझ्या घरी दिवा पाहिजे?

मालेने : दुसरं काही करून बघितलंत?

आस्गर : सगळं केलं. आपला लाल दिवा लावला, दुर्बिणीपाशी लावतो तो. तर घर पेटलं म्हणून किंचाळत सुटली. मग माणूस आलं की आपोआप लागतो तसला आणला. ती येते, दिवा लागतो. पण ती हलतच नाही ना, बसून राहते. दिव्याला वाटतं इथे कुणी नाही, आणि विझतो. की ही चालली पाण्याकडे. दार लावून घरात धरून ठेवलं, तर हा माझा हात बघ.

मालेने : चावल्या?

आस्गर : तिची चूक नाही. परका माणूस धरतोय असं वाटत असणार.

मालेने : एका रात्रीपुरतं… पुलापलीकडे ते वृद्धांचं घर आहे ना, तिथे माझी वहिनी कामाला आहे. आत्ता फोन करते. मोजणी होईपर्यंतच.

आस्गर : नको.

मालेने : एकच रात्र, मास्तर.

आस्गर : नको म्हटलं ना! तिथे गेली की ती तिथलीच होईल. मला माहीत आहे. मी क्लब सोडतो. आज, आत्ता. लिहून देतो. म्हणजे माझा दोष क्लबावर नको.

मालेने : तुम्ही क्लब सोडलात म्हणून बर्फ काळा होणार आहे का? त्या बाईच्या यंत्राला सभासद कळत नाहीत, उजेड कळतो. रागावून बोलत नाहीये मी. पण पोरांची बस पुलापर्यंत आली असेल, आणि मी इथे तुमच्या दारात एका म्हातारीच्या दिव्यासाठी हुज्जत घालतेय. लाज वाटतेय मला. आणि दुसरं काय करू तेही सुचत नाहीये.

आस्गर : तू जा. दाबतो मी बटण. धरून बसतो तिला कसंतरी. चावली तर चावली.

बोडिल : झालं तुमचं दोघांचं? आता मी बोलू? की मला सभेत बोलायची बंदीच आहे अजून?

आस्गर : बोल.

बोडिल : माझी शेड आहे ना, पाण्याकाठची. डांबर फासलेली. तिला खिडकी आहे का एक तरी?

आस्गर : नाही.

बोडिल : आत सूर्य पेटवलास तरी बाहेर कळायचं नाही. ती शेड माझ्या नवऱ्यानं, लाउरिट्सनं, कुणाकडून घेतली होती?

आस्गर : इंगेरच्या वडलांकडून.

बोडिल : त्यांची होडी तिथेच असायची. ही पोरगी लहानपणी तिथेच बसायची वाट बघत, चिखलात पाय घालून. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी, मी बघितलंय. आणि शेडमध्ये खिळ्याला काय टांगलंय, माहीत आहे? माझा दिवा. धक्क्यावरचा. जो तू मला उतरवायला लावलास.

आस्गर : अजून आहे तो?

बोडिल : उतरव म्हणालास, फेक नाही म्हणालास. लाउरिट्स मरेपर्यंत तुला शिव्या घालत तो धक्का चढला. एकदा ईल माशांची टोपली घेऊन पालथा पडला, अर्धे मासे परत पाण्यात! तेव्हा तो म्हणाला, बोडिल, तो दिवा पुसून ठेव, कधीतरी या मास्तरालाच लागेल.

आस्गर : असं म्हणाला लाउरिट्स?

बोडिल : नाही. तो नुसत्या शिव्याच देत होता. पुसून मी ठेवला.

मालेने : मावशी, काकू बसतील तिथे?

बोडिल : मला काय ठाऊक? बसली तर बसली. नाही बसली तर दोघं मिळून धरू. त्याला एकट्याला चावण्यापेक्षा आम्हाला अर्धं अर्धं चावेल. शेगडी आहे, बाक आहे, राईचा पाव आहे. आणि आजच्यापुरतं नाही म्हणत मी. रोज आणून बसव. मलाही तेवढंच कुणीतरी.

आस्गर : एवढे दिवस हे तुझ्या मनात होतं?

बोडिल : मागचा महिनाभर होतं. तू विचारशील म्हणून थांबले.

आस्गर : कुठल्या तोंडानं विचारू? मागच्या हिवाळ्यात तू बर्फावर पडलीस, तेव्हा डॉक्टर म्हणाला, दाराशी दिवा हवा होता. मी ऐकलं होतं. ऐकून घरात आलो आणि पडदा ओढून घेतला.

बोडिल : माहीत आहे. पडदा हललेला दिसला मला.

मालेने : मास्तर, मला निघायला हवं. गाडी पुलापाशीच ठेवलीय, गाडीचे दिवे गावात नकोत या नियमाप्रमाणे. चालत जायचं आहे अजून. तुम्ही मागाहून याल का बंधाऱ्यावर? मोठ्या दुर्बिणीवर कुणीच नाहीये. शनीची कडी मी पोरांना दाखवते हो, पण ती प्रश्न विचारतात, आणि मला तुमच्यासारखं सांगता येत नाही.

आस्गर : किती दिवस झाले मी वर बघून. आता ओळखीचं तरी वाटेल का तिथलं काही?

बोडिल : जा रे. ही बसली नीट, की जा तासभर. तुझंच आकाश आहे ते, सगळ्या गावाला अंधारात बसवून मिळवलंयस. निदान बघ तरी.

आस्गर : आधी बसू दे तिला.

मालेने : येते मी. मावशी… तुमचे कसे आभार मानू?

बोडिल : आभार नकोत. पाटी राहिली तर बेकरीवाल्याला सांग, दालचिनीचे पाव शिळे विकत जाऊ नकोस म्हणून. पळ आता. आणि जपून जा, वळणावर निसरडं आहे.

आस्गर : इंगेर, ऊठ ग. हो, येतील. बाबा येतायत. होडीच्या शेडमध्ये जायचं आपण, तिथेच येतील ते. हं, माझा दंड धर. चालेल, नाव नको सांगू माझं. नुसतं धर.

बोडिल : येतेय बघ. मुकाट येतेय. शेड म्हटल्याबरोबर उठली.

आस्गर : बोडिल, आता बटण दाबू?

बोडिल : दाब बाबा. तुझी बाई यंत्र घेऊन ताटकळत असेल.

(आस्गर बटण दाबतो.)

बोडिल : अग आई! काहीच दिसत नाहीये मला. बर्फावर आपटले तेव्हापासून मी एवढ्या अंधारात बाहेर पाऊल टाकलं नाही. आता म्हण की, अर्ध्या तासात डोळे सरावतात!

आस्गर : नाही सरावत, बोडिल. हात दे. पुढे पायरी आहे.