दोनशे ओळखपत्रं, चेहरा एकावरही नाही

दातांच्या दवाखान्यात सैल झालेली कवळी दाखवायला आलेल्या आजींच्या शेजारी एक मुख्याध्यापक बाई आणि गाल सुजलेला त्यांचा धाकटा भाऊ येऊन बसले. भावाच्या मांडीवर लॅपटॉप होता.

“दोनशे ओळखपत्रं छापली, आणि चेहरा एकावरही नाही! चार वाजता सहलीची बस सुटते रे!”

“ताई, शाळेचं सगळं काम कालच जुन्या सर्व्हरवरून नव्यावर हलवलं. नावं छापतो, फोटो आला की अडतो. म्हणतो, चित्रांची लायब्ररी सापडत नाही.”

“म्हणजे काय?”

“फोटो उघडणारा छोटा प्रोग्राम. पण नव्यावर काय काय टाकायचं, त्या यादीतलं सगळं टाकलंय गं मी!”

“यादी कोणी केली?”

“मीच.”

“मग झालंच कल्याण!”

आजींना राहवेना. “बाळा, घर बदललं तेव्हा माझी कवळीच मागे राहिली होती. रोज तोंडात असते ती वस्तू यादीत कोण लिहितं?”

“अरेच्चा! जुन्या सर्व्हरवर ती लायब्ररी मी पहिल्याच दिवशी टाकली होती, आणि मग विसरूनच गेलो! थांबा... टाकली. ताई, शाळेत फोन लाव.”

“हॅलो, आले फोटो? सगळे? अहो, शिपाईमामा नाचतायत म्हणे!”

“चल ताई, निघू या. दाढही दुखायची थांबली माझी.”

“बस खाली! सर्व्हरचं राहिलेलं बसलं, आता तुझं किडलेलं निघू दे.”

आजींना असं हसू फुटलं, की कवळी तळहातावर झेलावी लागली.